कठडा हाताला का चिकटतो?

गणपतीच्या चार दिवस आधी जिन्याच्या लाकडी कठड्याला ऑइल पेंटचा जाडसर हात मारायचा आणि मग आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला ‘कठडा धरू नका हं’ असं बजावत बसायचं, हा प्रकार अनेक घरांत घडतो. बोल मात्र रंगाच्या डब्याला लागतो. खरं उत्तर स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीवर सापडतं.

बरणीवरून ओघळलेलं करडईचं तेल काही आठवड्यांत चिवट होतं, घासूनही निघत नाही. खोबरेलाचा ओघळ तेलकटच राहतो. खोबरेलातली सुमारे ९० टक्के मेदाम्लं संपृक्त असतात. करडई, सोयाबीन, जवस यांच्या तेलांत मात्र दुहेरी बंध भरपूर असतात. हवेतला ऑक्सिजन अशा बंधांच्या शेजारी हल्ला चढवतो, रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचं घट्ट जाळं विणलं जातं. ऑइल पेंटमधलं अल्किड रेझिन अशाच तेलांपासून बनवतात.

त्यामुळे हा रंग दोन टप्प्यांत वाळतो. आधी टर्पेंटाइनसारखा द्रावक उडून जातो, मग ऑक्सिजनचं विणकाम सुरू होतं. ओला कपडा वाळताना हलका होतो. जवसाच्या तेलाचा थर मात्र ऑक्सिजन शोषून चक्क जड होतो. हात जाड मारला, तर वरच्या वर साय धरते आणि खाली हवा पोचत नाही. त्यात भाद्रपदातली दमट हवा हे काम आणखी लांबवते. ‘दोन पातळ हात मारा, मध्ये एक दिवस जाऊ द्या’ हा रंगाऱ्याचा सल्ला म्हणजे रसायनशास्त्रच.

कठड्याला आणखी एक रोग असतो, तो आपल्याच तळहातांचा. वर्षानुवर्षं त्यावर त्वचेतलं तेल मुरतं आणि नवा रंग त्यावर पकड घेत नाही. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावं, पॉलिश पेपर नंतर. उलट केलं, तर घासताना तेल चरांमध्ये आणखी पसरतं.

लाकूड स्वतःही स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात ते रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. उभा दांडा आडव्या कठड्याला जिथे भिडतो, तिथे दोन्हींचे रेषे काटकोनात येतात, त्यामुळे रंगाला पहिली चीर तिथेच जाते. फुगलेल्या लाकडावर रंग चढवला, तर आतला ओलावा बाहेर पडताना फोड आणि पोपडे धरतात.

जुने थर खरवडताना मात्र जपा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. अशा थराला पाणी लावून, वॉटर पेपरने घासावं, तोंडावर चांगला मास्क बांधावा आणि मुलांना दूर ठेवावं. तेलाने माखलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेची उष्णता आत कोंडून ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवावीत.

थोडक्यात, हे काम दसऱ्यानंतर कोरड्या हवेत काढावं. यंदा गणपतीत कठडा जुनाच दिसेल, पण आरतीला वर येणाऱ्या आजींना तो धरता तरी येईल.