मुंगळा की वाळवी?

गुळाला मुंगळे चिकटतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण गूळ दूर असताना दाराच्या चौकटीवर काळ्याभोर मुंगळ्यांची रांग दिसली तर? "चौकट पोखरली यांनी!" असे म्हणत घरातील कोणीतरी कीटकनाशक शोधू लागते. विद्यार्थी मित्रांनो, जरा थांबा! शिक्षा देण्यापूर्वी चोर कोण ते ओळखायला हवे.

मुंगळा 'कॅम्पोनोटस' या प्रजातीतला. हिच्या जगभर हजाराहून अधिक जाती आहेत. इंग्रजीत यांना 'कार्पेंटर अँट', म्हणजे सुतार मुंगी म्हणतात. उत्तर अमेरिकेतील एक जाती खरोखरच सुतारकाम करते. तेथे लाकडी घरे पुष्कळ. ओलाव्याने मऊ झालेल्या तुळयांत ती राहण्यासाठी गुळगुळीत दालने कोरते. पण लाकूड ती खात नाही; भुगा बाहेर आणून टाकते. आपल्याकडे नेहमी दिसणारा मुंगळा मात्र बहुधा जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी घर करतो. माव्यासारख्या किडींच्या अंगातून पाझरणारा गोड रस त्याला फार आवडतो.

मग लाकूड खाते कोण? वाळवी! लाकडातील सेल्युलोज पचवायला तिला सूक्ष्मजीवांची मदत होते. काही जातींची वाळवी तर वारुळात बुरशीची बाग लावून तिच्याकडून हे काम करून घेते. वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणतात खरे, पण ती मुंगी नव्हेच. तिचे जवळचे नाते झुरळाशी, तर मुंगीचे गांधीलमाशीशी व मधमाशीशी.

दोघींनाही ठरावीक काळात पंख फुटतात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर दिव्याभोवती पडलेला एक मेलेला किडा उचला व भिंगातून पाहा. तीन खुणा तपासा :

१) कंबर : मुंगीची कंबर बारीक असते. वाळवीचे अंग सरळसोट, कंबर नसलेले.

२) मिशा : मुंगीच्या मिशा कोपरात वाकवलेल्या हातासारख्या. वाळवीच्या मिशा सरळ, बारीक मणी ओवल्यासारख्या.

३) पंख : मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीचे चारही पंख जवळजवळ सारखे आणि चटकन गळून पडणारे.

शिवाय भिंतीवर किंवा चौकटीवर मातीच्या नळ्या दिसल्या, तर ती वाळवीचीच खूण समजा. अशा वेळी मुंगळ्यांच्या मागे लागलात, तर आत वाळवी लाकूड पोकळ करीतच राहील! लगेच घरातील मोठ्यांना सांगा. वाळवीचा बंदोबस्त जाणकाराकडूनच करून घ्यावा लागतो.

आणि मुंगळेच निघाले तर? रांगेतले दहा-वीस मारून उपयोग नाही. ते कामकरी असतात. घरट्यात राणी अंडी घालीतच असते. म्हणून आधी त्यांचे येणे थांबवा. गोड पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. साबणाच्या पाण्याने रांगेची वाट पुसा, म्हणजे मागच्यांना वाट दाखविणारा गंध नाहीसा होईल. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. तो त्यांचा पूलच असतो. फटी बुजवा. गळका नळ दुरुस्त करा, कारण ओले लाकूड मुंगळ्याला सोपे आणि वाळवीलाही प्रिय.

एवढ्यानेही भागले नाही, तर मोठ्या माणसांनी साखरेच्या पाण्यात सुमारे १ टक्का बोरिक आम्ल मिसळून आमिष ठेवावे. प्रमाण वाढवू नये. विष सौम्य असले तरच कामकरी ते घरट्यापर्यंत नेतात आणि इतरांना भरवतात. मात्र हे विषच आहे; लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ते दूर ठेवावे.

अंगणात झाडाखाली राहणाऱ्या मुंगळ्यांना मात्र तेथेच राहू द्या. मुंग्या वाळवीच्या मोठ्या शत्रू आहेत. आज संध्याकाळी त्यांच्या रांगेमागे हळूच जा. ती कोठून निघते, कोठे पोहोचते? वहीत नकाशा काढा. उपाय कोठे करायचा, हे तो नकाशाच तुम्हाला सांगेल.