मिरांडा, क्लिफर्ड

(११ जुलै १९८२ – ). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. गोव्याच्या डेंपो स्पोर्ट्‌स क्लबचे डाव्या बगलेवरील आघाडीचे खेळाडू म्हणून विशेष प्रसिद्ध. गोव्यात फुटबॉलचा प्रारंभ १८८३ मध्ये शिवोली येथे फादर विल्यम लायन्स या धर्मोपदेशकाने केल्याचे मानले जाते. पुढे तेथे हा खेळ गावोगाव रुजला आणि खाण-उद्योजकांच्या आश्रयाने व्यावसायिक बनला. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत गोव्याला लागूनच असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात मात्र क्रिकेट व कबड्डी यांचेच प्राबल्य राहिले.

मिरांडा यांची सुमारे दीड दशकाची कारकीर्द मुख्यतः डेंपो या एकाच संघात घडली. बगलेवरील खेळाडूचे काम दुहेरी असते : चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या बचावफळीला कडेपर्यंत ओढत नेणे व मध्यभागी मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याकडे तो अचूक पोहोचविणे. गोलाचे श्रेय बहुधा दुसऱ्यास मिळते. डेंपोकडे रँटी मार्टिन्स व बेटो यांसारखे परदेशी आक्रमक खेळाडू असल्याने मिरांडा यांच्या वाट्यालाही बरेचसे हेच आले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली डेंपोने २००४-०५ व २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये आय-लीग जिंकली. २००८ मध्ये एएफसी चषक स्पर्धेत हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

भारतीय संघाकडूनही ते अनेक वर्षे खेळले. डिसेंबर २०११ मध्ये दिल्ली येथे झालेल्या सॅफ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने अफगाणिस्तानचा ४-० असा पराभव केला. त्यात एक गोल त्यांचा होता. २ सप्टेंबर २०१२ रोजी नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात कॅमेरूनशी २-२ अशी बरोबरी झाल्यावर निकाल पेनल्टी किकांवर लागला. भारताच्या पाचही किक यशस्वी ठरल्या. त्यांपैकी एक मिरांडा यांची होती.

ज्या संघाने त्यांना घडविले, त्याचे दिवस मात्र पालटले. इंडियन सुपर लीगच्या आगमनानंतर जुन्या संघांचे महत्त्व घटले. २०१४-१५ च्या हंगामाअखेर डेंपोची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. पुढच्याच हंगामात संघाने ती श्रेणी जिंकली. परंतु २०१६ मध्ये साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या अन्य संघांप्रमाणे त्यानेही आय-लीगमधून माघार घेतली. पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविलेल्या संघाच्या बाबतीत ही घटना खेदजनकच म्हटली पाहिजे. २०२४-२५ मध्ये तो पुन्हा या लीगमध्ये उतरला.

निवृत्तीनंतर मिरांडा प्रशिक्षणाकडे वळले. २०२० मध्ये त्यांच्या हंगामी मार्गदर्शनाखाली एफसी गोवा संघाने लीग विजेत्यांची ढाल पटकावली आणि एएफसी चँपियन्स लीगच्या गटफेरीसाठी पात्र ठरणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. एप्रिल २०२३ मध्ये कोझिकोड येथे त्यांच्या ओडिशा संघाने बंगळुरूवर २-१ असा विजय मिळवून सुपर चषक जिंकला. त्याच वर्षी भारताच्या २३ वर्षांखालील संघाचे प्रशिक्षकपदही त्यांच्याकडे आले.