जुन्या चित्रांची नवी प्रत

ऑगस्ट २०१९ मध्यें व पुन्हा जुलै २०२१ मध्यें पंचगंगेच्या पुरानें शिरोलीजवळचा महामार्ग पाण्याखालीं गेला, हें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. पुरांत भिजलेलीं भांडीं धुऊन पुन्हा वापरतां येतात. आजोबांचें विरघळलेलें छायाचित्र मात्र परत मिळत नाहीं. म्हणून घरच्या चित्रांची व दस्तऐवजांची स्कॅनरवर प्रत काढून ती अन्यत्र ठेवणें शहाणपणाचें होय. परंतु यंत्र जसें लावावें तशी प्रत उतरते. यास्तव चार गोष्टी येथें सांगतों.

पहिली, सूक्ष्मता. एका इंचांत यंत्रानें किती ठिपके टिपावे, त्या संख्येस डीपीआय म्हणतात. मूळ आकारांतच छापावयाचें असेल तर ३०० पुरे. चित्र जितक्या पटीनें मोठें करावयाचें, तितक्या पटीनें ही संख्या वाढवावी. चौपट करावयाचें तर १२०० घ्यावी. मात्र उगीच वाढवूं नये, कारण ती दुप्पट केली कीं एकंदर ठिपके चौपट होतात. चार इंच रुंद व सहा इंच उंच चित्राचे ठिपके ३०० वर २१ लक्ष ६० हजार, तर ६०० वर ८६ लक्ष ४० हजार होतात. यंत्राच्या अंगच्या, म्हणजे ऑप्टिकल, शक्तीपलीकडील ठिपके तें अदमासानें भरतें. त्यांत नवा तपशील नसतो.

दुसरी, रंग. शिरोली एमआयडीसींतील फौंड्र्यांत लागणारें रेघांचें ड्रॉइंग स्वच्छ असल्यास निव्वळ काळ्या-पांढऱ्या रीतीनें चालतें. तींत मधली छटाच नसल्यामुळें छायाचित्रांतील चेहरा मात्र डागांचा होतो. त्यास २५६ करड्या छटांची रीत योजावी. पिवळ्या पडलेल्या चित्रास व जुन्या मोडी कागदास रंगीत रीतच बरी; शाई कोणती व डाग कोणता, हें रंगावरून निवडतां येतें.

तिसरी, सांठवण. जेपेग जागा वांचवितो, पण त्यासाठीं कांहीं तपशील गाळतो, आणि बदल करून पुन्हा जतन केल्यास आणखी गाळतो. म्हणून मूळ प्रत टिफमध्यें ठेवावी व पाठविण्यापुरती जेपेग करावी.

चौथी, स्वच्छता. कांचेवरील धुळीचा कण प्रतींतहि उतरतो. मऊ कोरड्या फडक्यानें कांच पुसावी. कांचेवर द्रव ओतूं नये.

विद्यार्थ्यांनो, एवढें झाल्यावर आजीस जवळ बसवून चित्रांतील माणसांचीं नांवें लिहून घ्या. तें काम कोणत्याहि यंत्रास साधत नाहीं, आणि त्यास उशीरहि लावूं नये.