माळरानाचे रहिवासी – लेखांक ९ : लग्गड ससाणा

मागील लेखांकात चंडोलाचा परामर्श घेतल्यावर आता त्याच्या वैऱ्याकडे वळणे क्रमप्राप्तच आहे. सिंध-राजपुतान्यापासून ब्रह्मदेशाच्या सीमेपर्यंतच्या शुष्क, मोकळ्या मुलखात आणि आपल्याकडे दख्खनच्या माळांवर ज्याचा संचार असे, तो लग्गड ससाणा लांबीला सुमारे 43 ते 46 सेंटिमीटर भरतो. मादी नराहून बरीच मोठी असते. पाठ राखट तपकिरी, माथा फिकट तांबूस, गालावर मिशीसारखी उतरलेली काळपट रेघ, पांढुरकी छाती आणि मांड्यांवरील गर्द पिसे, ही त्याची ओळखीची लक्षणे होत.

बहिरी ससाण्याप्रमाणे अतिउंचावरून सूर मारण्याची त्याची फारशी ख्याती नाही. तो बहुधा जमिनीलगत वेगाने पाठलाग करतो. नर-मादी मात्र पुष्कळदा संगनमताने शिकार करतात, म्हणजे एकाने थवा उठवावा आणि दुसऱ्याने फुटलेला पक्षी गाठावा, असा त्यांचा परिपाठ असतो. होले, साळुंक्या, चंडोल यांच्याबरोबर सरडे, उंदीर, टोळ यांपैकी काहीच त्याला वर्ज्य नाही. घराविषयीही हीच निरपेक्षता दिसते : जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास, स्वतः एक काडीही न वेचता, घारीच्या वा कावळ्याच्या सोडलेल्या घरट्यात, कड्याच्या कपारीत किंवा पडक्या इमारतीच्या कोनाड्यात मादी तीन ते पाच अंडी घालते.

कुमाऊँच्या राजा रुद्रदेवाने ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ रचावा इतकी ज्या देशात श्येनविद्या प्रतिष्ठित होती, तेथेही लग्गडाचा मान बेताचाच राहिला. तो लवकर माणसाळे, पण बहिरी आणि चरग यांची किंमत त्याला कधी आली नाही. हे स्वस्तपणच त्याला भोवले. चरगासारखे मौल्यवान ससाणे पकडणारे पारधी लग्गडाच्या पायांना पिसांचा जुडगा व फासे बांधून त्याला आमिष म्हणून उडवतात. तो भक्ष्य घेऊन चालला आहे अशा समजुतीने मोठा ससाणा झडप घालतो आणि फाशात अडकतो. या व्यवहारात लग्गडाच्या जिवाची पर्वा कोणी करीत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे गुन्हा ठरवले असले, तरी कीटकनाशकांचा आणि नांगराखाली जाणाऱ्या माळांचा बंदोबस्त त्या कलमांनी होत नाही. आणि महसूल दफ्तरात पडीक म्हणून नोंदलेल्या गवताळ जमिनीवर वृक्षलागवडीची तजवीज करणाऱ्यांना आपण कोणाचे शिकारक्षेत्र मोडीत काढतो आहोत याची दादही नसते. कोणत्याही घरट्यात राहणारा, मिळेल ते खाणारा हा पक्षी आज धोक्याच्या उंबरठ्यावरील जातींत गणला जातो, यातच माळांच्या अवस्थेचा निवाडा आला. तेव्हा गावच्या माळावर झाडे लावण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी, तेथे आधीपासून कोण वस्तीला आहे याची चौकशी वाचकांनी अवश्य करावी.

पुढील लेखांकात : धाविक.