मोटारसायकल एंजिनातील आवाजांवरून दोषनिदान

मोटारसायकलचे एंजिन चालू असताना त्यातून येणाऱ्या नेहमीपेक्षा वेगळ्या आवाजावरून बिघाडाचे स्थान व स्वरूप ठरविण्याची पद्धती. हवेने थंड होणाऱ्या एंजिनाभोवती पाण्याचे आवरण नसल्याने आतील आवाज फारसे न दबता बाहेर येतात. त्यामुळे सुस्थितीतील जुने एंजिनही थोडाफार खडखडाट करतेच. दोषाचा आवाज त्यातून वेगळा ओळखावा लागतो. या निदानातील चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. संयोगदांड्याच्या मोठ्या टोकाचा धारवा (बेअरिंग) झिजलेला असूनही गाडी चालवीत राहिल्यास दांडा तुटून एंजिनाचे कवच फुटू शकते. उलट, बाहेरच्या एखाद्या सैल नटाच्या ठोक्यासाठी संपूर्ण एंजिन उघडल्यास खर्च व्यर्थ जातो आणि वर्षानुवर्षे एकमेकांशी जुळलेले भाग विनाकारण विलग होतात.

भारतात सर्वपरिचित असलेले उदाहरण म्हणजे रॉयल एनफील्ड कंपनीची ‘बुलेट’ ही गाडी. इंग्लंडमधील रेडिच येथे विकसित झालेली ही गाडी १९५५ पासून मद्रास (आता चेन्नई) येथे तयार होऊ लागली. तिचे बिडाच्या सिलिंडराचे एंजिन २०१० च्या सुमारापर्यंत निघत होते. ३५० वर्गातील या एंजिनात सिलिंडराचा व्यास ७० मिमी., दट्ट्याची धाव ९० मिमी. आणि घनफळ ३४६ घ. सेंमी. असते. एंजिनाला एकच सिलिंडर असल्यामुळे, अनेक सिलिंडरांच्या एंजिनात एकेकाची ठिणगी बंद करून दोष शोधण्याची जी युक्ती वापरतात, ती येथे उपयोगी पडत नाही. आवाजाचा ठेका, भार व तापमान यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

ठेका व भार : चतुर्धावी एंजिनात भुजादंडाचे (क्रँकशाफ्टचे) दोन फेरे होतात, तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. मिनिटाला १,००० फेरे होत असताना प्रत्येक झडप ५०० वेळा उघडते व ज्वलनही ५०० वेळाच होते. धुराच्या नळीतील ठोके हेच मोजमाप समजावे. आवाज त्यांच्या दुप्पट पडत असेल, तर त्याचा उगम भुजादंडाच्या गतीने फिरणाऱ्या भागात शोधावा. तो त्यांच्याबरोबरीने पडत असेल, तर दोन शक्यता उरतात : झडपांची यंत्रणा किंवा ज्वलनाचा दाब घेणारे भाग. चढावर भार पडताच आवाज वाढला, तर दुसरी शक्यता बळावते. भार बदलूनही तो तसाच राहिला, तर पहिली.

आवाजांचे प्रकार : टॅपेटचा आवाज हलका, टकटक असा व भाराशी असंबद्ध असतो. थंड एंजिनात झडप बंद असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, अशी जुळणी या गाडीत करतात. धुराच्या नळीचा जोड सैल असल्यास असाच आवाज येतो. मात्र तेथे काजळीचे डाग दिसतात. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा दट्ट्या तापल्यावर बिडाच्या सिलिंडरापेक्षा अधिक प्रसरण पावतो. त्यामुळे झिजलेल्या दट्ट्याचा पोकळ आवाज थंड एंजिनात स्पष्ट असतो व एंजिन तापल्यावर कमी होतो. चढावर गाडी जोर घेताना येणारा किणकिणाट बहुधा अकाली ठिणगीमुळे किंवा कमी प्रतीच्या पेट्रोलमुळे होणाऱ्या अनियमित ज्वलनाचा असतो. मोठ्या टोकाच्या धारव्याचा ठोका जड व बोथट असून भाराबरोबर वाढतो. भुजादंडाच्या मुख्य धारव्यांची घरघर कानांपेक्षा पायटेकूवर अधिक जाणवते.

फसवा ठोका : या एंजिनाच्या डाव्या बाजूस, प्राथमिक साखळीच्या आवरणात, विद्युत्‌ जनित्राचे चुंबकी चक्र भुजादंडाच्या टोकावर पाचर व नट यांनी बसविलेले असते. नट सैल झाला की चक्र पाचरीवर मागेपुढे आपटते. एकाच सिलिंडरामुळे भुजादंडाची गती प्रत्येक ज्वलनाच्या वेळी वाढते व नंतर मंदावते. म्हणून मंद गतीत हा ठोका विशेष ऐकू येतो आणि तो मोठ्या टोकाच्या ठोक्यासारखाच भासतो. एंजिन बंद करून आवरण काढावे व चक्र हातांनी हलवून पाहावे. साखळी अती सैल असल्यास तीही आवरणावर आपटते. गाडी गतिहीन ठेवून क्लच दाबताच आवाज बदलला, तर दोष क्लच किंवा दंतचक्रपेटीकडे शोधावा.

आवाजाचे स्थान ठरविण्यासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक एंजिनावर व मूठ कानालगतच्या हाडावर टेकवितात. धातूतून ध्वनी हवेपेक्षा कित्येक पटींनी जलद व अधिक स्पष्ट वाहतो. मात्र त्यामुळेच तो दूरवर पसरतो आणि सर्वांत मोठा आवाज येणारे ठिकाण हेच उगमस्थान असेल, असे नाही. अनेक ठिकाणी तुलना करणे आवश्यक असते.

प्रथम तेलाची पातळी, मग बाहेरील जोड, टॅपेट, ठिणगीची वेळ, साखळी व जनित्र असा तपासाचा क्रम ठेवावा. जड ठोका भाराबरोबर वाढत असेल किंवा तेलाच्या गाळणीत चकाकणारे धातुकण आढळले, तर मात्र गाडी चालविणे तत्काळ थांबवावे. त्यानंतर सिलिंडर उतरवून, दट्ट्या वरच्या टोकाशी आणून संयोगदांडा सरळ वरखाली ओढून पाहतात. या दिशेने जाणवणारी ढिलाई हा झिजेचा निर्णायक पुरावा होय. आडव्या दिशेने होणारी थोडी हालचाल रचनेतच अभिप्रेत असते व तिला दोष समजू नये.