परवान्याची लस आणि पिल्लाची लस

पिल्लाला पहिल्यांदा दवाखान्यात नेले की डॉक्टर फ्रिजमधून दोन छोट्या बाटल्या काढतात. एकीच्या तळाशी पांढरट, सुका थर असतो, दुसरीत पाण्यासारखा द्रव. द्रव सुईने ओढून पहिल्या बाटलीत सोडायचा, हलवायचा आणि लगेच मानेमागची कातडी उचलून टोचायचा. मग बाटलीवरचे स्टिकर सोलून पिल्लाच्या लसीकरणाच्या पुस्तकात चिकटवले जाते. त्यावर लशीचे नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. हे स्टिकर नसेल तर ते मागून घ्यावे, कारण पुढे महापालिकेत किंवा विमानतळावर त्याचीच चौकशी होते.

कोणती लस कायद्याने सक्तीची आणि कोणती कुत्र्याच्या जिवासाठी गरजेची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक मालक त्या एकच समजतात आणि घोटाळा तिथे होतो.

मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो, त्याचे नूतनीकरणही करावे लागते. अर्जासोबत रेबीजच्या लशीचा चालू दाखला लागतो. केंद्र सरकारच्या २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशक औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९च्या कायद्यात रेबीजचा समावेश आहे, म्हणजे संशय आला तर कळवणे मालकावर बंधनकारक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत हयगय केली आणि त्यामुळे माणसाला धोका झाला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पार्व्हो किंवा डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांबद्दल परवान्याचा अर्ज काहीच विचारत नाही. कायद्याला काळजी माणसाची आहे आणि रेबीजच्या बाबतीत ती रास्तच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात, त्यातली एक तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो. चाव्यातून शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो, तिथे वाढतो आणि मग लाळेत उतरतो. लक्षणे दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. एखाद्या वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर विषाणूला पुढचा कुत्रा सापडत नाही आणि साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवले. ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या साथीने गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्री पकडली, लस टोचली, अंगावर रंगाची खूण केली आणि प्रत्येकाची नोंद मोबाइलवर घेतली. २०२२मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार तिथल्या कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले.

रेबीजची लस मृत विषाणूची असते. ती साधारण तिसऱ्या महिन्यात देतात, आपल्याकडे बरेच डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देतात, मग वर्षाने बूस्टर. काही लशींचे संरक्षण तीन वर्षे टिकते, हे खरे. तरीही आपल्या शहरांत ती दरवर्षी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परवान्याला चालू दाखला लागतो आणि गल्लीत रेबीज अजून आहे.

पिल्लाचा जीव मात्र बहुधा दुसऱ्याच रोगाने जातो. पार्व्होचा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला. त्याला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते, म्हणून साधा साबण त्याचे फारसे बिघडवत नाही आणि मातीत तो महिनोन्‌महिने तग धरतो. ‘आमचे पिल्लू घराबाहेर जातच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या चपलांना चिकटून तो घरात येतो. रक्ती हगवण, उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो.

लस असून असे का होते? आईच्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात. पहिले काही आठवडे तीच त्याला जपतात, पण तीच प्रतिपिंडे लशीतल्या क्षीण केलेल्या जिवंत विषाणूलाही मारून टाकतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे, कुठे आठव्या आठवड्यात तर कुठे सोळाव्या. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देतात, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडायलाच हवा. ‘तीन सुया झाल्या’ म्हणून बाराव्या आठवड्याला थांबलेले पुस्तक अपुरे आहे, मग सुया कितीही असोत. त्यानंतर सहा महिन्यांच्या आसपास आणखी एक डोस द्यावा, असे लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना सांगते. पुढे पार्व्हो, डिस्टेंपर आणि अॅडेनोविषाणूचे संरक्षण वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे या तिन्हींची लस तीन वर्षांतून एकदा पुरते.

लेप्टोचे गणित उलटे आहे. हा जिवाणू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो. २००५च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची साथ आली होती आणि कोकणाला तो दरवर्षी त्रास देतो. त्याच्या लशीचे संरक्षण वर्षभरच टिकते. सुरुवातीला दोन डोस, मग दरवर्षी एक, आणि शक्यतो पावसाच्या आधी. उलट आतड्याच्या कोरोना विषाणूची लस द्यावी असे ती जागतिक संघटना म्हणत नाही, तरी एकत्रित लशीच्या डबीवरचा ‘नाइन इन वन’चा आकडा मोठा दिसावा म्हणून ती त्यात घातली जाते. आकड्याला भुलू नका. काय काय आहे ते विचारा.

कुत्रा घेऊन युरोपात जाणाऱ्यांसाठी क्रम महत्त्वाचा. आधी मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस. उलट झाले तर ती लस धरलीच जात नाही. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त दिल्यापासून पुढे तीन महिने थांबावे लागते. तिकीट आधी काढू नये.

एक गोष्ट मात्र दाखल्यावर सोडू नये. लस दिलेला कुत्रा चावला तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि सरळ दवाखाना गाठावा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण माणसाची लस त्याची वाट पाहत थांबवायची नाही.

६ जुलैला, प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांच्या जागतिक दिनी, आणि २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, अनेक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत रेबीजची लस मोफत दिली जाते. आपल्या कुत्र्याचे पुस्तक पूर्ण असेल तर त्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी राहणाऱ्या कुत्र्याला घेऊन जा.