केबिनमध्ये आमचा माणूस, मस्टरवर मात्र ‘हेल्पर’!

कर्जत-खालापूर पट्ट्यात डोंगर आता पहारीने फुटत नाही, यंत्राने फुटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’साठी खोपोली आणि कुसगावच्या दरम्यान जवळजवळ ९ किलोमीटरचा बोगदा खोदला गेला. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेसाठी वावर्ल्याच्या डोंगरातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा पाडला गेला. खालापूर, चौक, नेरळच्या बाजूला कुठे ना कुठे पोकलेन, हायवा, काँक्रीट ओतणारा बूम प्लेसर दिसतोच. याच भागात १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली. त्या कामावर एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबले, हजारो रोगराईने आणि अपघाताने मेले. घाटातल्या कुठल्या दगडावर त्यांची नावे आहेत? दीडशे वर्षांत यंत्र बदलले. ते चालवणाऱ्या माणसाचे नाव तरी आता कागदावर येते का, हा आमचा प्रश्न आहे.

साईटवर यंत्राची बडदास्त कशी असते ते पाहा. प्रत्येक यंत्राचा तास मोजला जातो. ठरावीक तास भरले की तेल बदलते, फिल्टर बदलतो. नव्या यंत्रात उपग्रहाशी जोडलेली पेटी असते. यंत्र कुठे आहे, किती तास चालले, किती वेळ नुसतेच धडधडत उभे होते, किती डिझेल प्यायले, हे सारे मालकाला मुंबई-पुण्यात बसून कळते. यंत्राचा विमा असतो, नोंदवही असते. आणि यंत्र चालवणारा? त्याची नोंद मुकादमाच्या खिशातल्या वहीत! लोखंडाचा हिशेब मिनिटाचा आणि माणसाचा हिशेब मुकादमाच्या मर्जीचा, यालाच आधुनिक व्यवस्थापन म्हणायचे काय?

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतील तरुणाचे प्रकरण आले. मस्टरवर तो ‘हेल्पर’. प्रत्यक्षात दोन वर्षे रात्रपाळीला पोकलेन तोच चालवीत होता, कारण ऑपरेटर रात्री थांबत नसे. ऑपरेटरचा पगार एकाला, काम दुसऱ्याला. एका रात्री भराव खचला, यंत्र कलंडले आणि पोराचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ठेकेदाराने लेखी म्हणणे दिले, “त्यास मशीनला हात लावण्यास सक्त मनाई होती.” हे म्हणणे कायदा जाणूनच दिलेले होते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल, तर हुकूम मोडल्याचा बचाव मालकाला चालत नसे. त्याखालच्या इजेत मात्र कामगाराने सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला असे सिद्ध झाले, तर मालक सुटू शकत असे.

पोराला वाचवले ते डिझेलच्या चिठ्ठ्यांनी. रात्री डिझेल भरले की खाली त्याची सही. अशा चिठ्ठ्या त्याच्या आईने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मनाईचा बचाव कोसळला, भरपाई मिळाली. पण ती मोजली गेली मस्टरवरच्या हेल्परच्या पगारावर. ऑपरेटरचा पगार त्याला कधी मिळालाच नव्हता, मग तो दाखवायचा कुठून? त्या माउलीचा डबा नसता तर तेवढेही हाती आले नसते.

एका शब्दाची किंमत किती असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. पंचवीस वर्षांचा कामगार अपघातात गेला, तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला २१६.९१ ने गुणतात. त्यासाठी वेतनाची मर्यादा २०२० साली १५ हजार रुपये ठरली. ऑपरेटर म्हणून १५ हजार धरले तर १६ लाख २६ हजार ८२५ रुपये होतात. हेल्पर म्हणून १० हजार धरले तर १० लाख ८४ हजार ५५० रुपये. म्हणजे ‘हेल्पर’ या एका शब्दाने विधवेच्या पदरातून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम काढून घेतली जाते!

हे नवे आहे असे कुणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे कारण सांगत. खरे दुखणे हे की त्या खात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून त्यांनी दाखवले. मजूरमंत्री असताना तंत्रशिक्षणाकडे त्यांनी लक्ष दिले ते उगीच नव्हे. हुनर ज्याच्या हाती, पगार त्याच्या हाती, हे त्यांना ठाऊक होते. आज विटाळ कुणी बोलत नाही. “लायसन आहे का? सर्टिफिकेट आहे का?” एवढेच विचारतात आणि बौद्धवाडीचा, कातकरीवाडीचा पोर केबिनच्या खाली फावडे घेऊन उभा राहतो. रात्री मात्र त्यालाच केबिनमध्ये चढवतात.

अकुशल हाती यंत्र द्या असे आम्ही म्हणत नाही. ३१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर उचलणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. असे यंत्र म्हणजे खेळ नव्हे. म्हणूनच आमची मागणी प्रशिक्षणाची आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दोनशे कामगारांमागे पाच. त्याच कायद्यात ठरलेल्या व्यवसायांसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखीव आहेत. आपल्या तालुक्यातल्या किती साईटवर हा प्रश्न आपण विचारला? आम्ही स्वतःलाही हेच विचारतो. जयंतीच्या वर्गणीला ठेकेदाराच्या कचेरीत जाणारे आपण, पोरांच्या जागा मागायला का जात नाही?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांवर आमचे आक्षेप आहेत, ते पुन्हा कधी तरी. पण त्यांतली एक गोष्ट आपल्या हाती घेण्यासारखी आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. तेव्हा पत्र मागा, आणि त्यात काम काय लिहिले आहे ते वाचा. यंत्र चालवता आणि पत्रात ‘हेल्पर’ असेल, तर लेखी हरकत घ्या, तिची पोच घ्या. लॉगशीटचा, डिझेलच्या चिठ्ठीचा रोज मोबाईलवर फोटो काढा. यंत्रातल्या पेटीची नोंदही पुरावा होऊ शकते. २०२३ च्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीला जागा आहे. अपघात होताच ती नोंद राखून ठेवण्याची लेखी मागणी करा, उशीर झाला की नोंद पुसली जाते. वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या प्रत्येकाने बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव घाला. आणि अनुभव आहे पण कागद नाही, अशांनी कौशल्य योजनेतील पूर्वज्ञानाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवा.

हे एकट्यादुकट्याचे काम नाही. रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास एक वही उघडा. कोण कोणत्या साईटवर, कोणते यंत्र चालवतो, मस्टरवर काय लिहिले आहे, पगार किती, एवढे चार रकाने पुरे. वावर्ले ते खोपोली प्रत्येक वाडीत अशी वही झाली, तर ठेकेदाराच्या वहीला उत्तर देता येईल. ठाकूर, कातकरी बांधवांची आणि परप्रांतातून आलेल्या मजुरांची नावेही त्यात घाला, कारण यंत्र कलंडते तेव्हा जात पाहून कलंडत नाही. त्या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी कागदाची किंमत तिला कळली होती. आपण तर शिकलेले आहोत!

जयभीम!